मेल्यावरही मालक

गेल्या मे महिन्यात मुलगी आणि नातू पंधरा दिवस राहायला आले होते. नातू दहा वर्षांचा. त्याला स्वतःचा फोन नाही आणि आईचा फोन दिवसातून अर्ध्या तासापेक्षा जास्त मिळत नाही, म्हणून त्याने माझ्या कपाटाचे खण उपसायला घेतले. जुने चष्मे, बंद पडलेली घड्याळे, हजहून आलेल्या लोकांनी दिलेल्या तसबीह, आणि या सगळ्याखाली एक आयपॉड. त्याचा मामा दुबईला नोकरीत होता तेव्हा २०१० साली त्याने तो आणला होता आणि पुढच्या खेपेला नवा फोन घेतल्यावर इथेच टाकून गेला होता. चार्जरही सापडला. रात्रभर लावून ठेवल्यावर सकाळी यंत्र चक्क सुरू झाले. त्यात मामाने तेव्हा घेतलेला एक खेळ होता. नाव, ‘पॉकेट गॉड’. खिशातला देव.

मुलीच्या कपाळाला आठ्या पडल्या. ‘अब्बा, असलं काही नका देऊ त्याला. नाव तरी बघा.’ नाव बघून मीही थबकलो होतो. पण तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाची एक खोड असते. पोराच्या हातातली वस्तू काढून घेण्याआधी ती आहे तरी काय, हे त्याला बघावेसे वाटते. मी नातवाच्या शेजारी जाऊन बसलो, आणि खरे सांगायचे तर पहिली दहा मिनिटे खूप हसलो.

खेळ साधा आहे. समुद्रात एक एवढेसे बेट, त्यावर मोठ्या डोक्याची, गवताची वस्त्रे ल्यालेली चार-सहा बुटकी माणसे. त्यांना पिग्मी म्हणतात. आपण देव. बोटाने सूर्य खाली ओढला की रात्र होते. यंत्र हलवले की भूकंप होतो. पिग्मीला चिमटीत पकडून समुद्रात भिरकावता येते, तिथे शार्क मासा तयारच असतो. ज्वालामुखी आहे, वीज आहे. पिग्मी मेला की एक खूण दाबायची, वरून दुसरा पिग्मी येऊन पडतो आणि पहिल्यासारखाच टकामका बघत उभा राहतो. बस. जिंकणे-हरणे असे फारसे काही नाही. अमेरिकेतल्या बोल्ट क्रिएटिव्ह नावाच्या दोन माणसांच्या कंपनीने २००९ च्या जानेवारीत हा खेळ आणला. किंमत एक डॉलरला एक सेंट कमी. लोकांनी तो लाखोंनी विकत घेतला आणि कर्ते दर थोड्या दिवसांनी त्यात नवी भर घालत गेले. भर म्हणजे बहुतेक वेळा पिग्मीला मारण्याची आणखी एक तऱ्हा.

याच भरीतून पिग्मीचे काही अवतार निघाले. एक रक्तपिपासू व्हॅम्पायर, आणि एक झोंबी. नातवाने बेटावर रात्र केली होती तेव्हा मी त्याला प्रथम पाहिले. इतर पिग्मी नाचरे, चपळ. हा रंग उडालेला, पाय ओढत चालणारा. बाकीचे त्याच्यापासून पळत होते. त्यांना पकडून त्यांचा मेंदू खाणे एवढाच त्याचा उद्योग. मी म्हणालो, ‘याला काय झालंय?’ नातू म्हणाला, ‘नाना, हा झोंबी आहे. तो आधीच मेलाय.’

‘मेलाय तर चालतो कसा?’

‘मेल्यावरपण त्याला सुट्टी नाही.’

मुले कधीकधी असे बोलून जातात आणि पुढच्या क्षणी आंबा मागतात. त्यानेही मागितला. मी मात्र त्या वाक्यापाशी अडकलो.

आता आधी एक गोष्ट मिटवून टाकतो, कारण ती वाचकांच्याही मनात आली असेल. अशा खेळाने ईमानला धक्का लागतो का? देवाचे सोंग घेणे हा शिर्क नाही का? मला तसे वाटत नाही, आणि फतवा देण्याची माझी लायकीही नाही. दहा वर्षांच्या मुलाला खेळ आणि इबादत यांतला फरक आपल्यापेक्षा चांगला कळतो. हजरत आयेशांच्या (रजि.) बाहुल्यांची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. त्यांच्या खेळण्यांत एक पंखांचा घोडा होता. पैगंबरांनी (स.) विचारले, घोड्याला पंख कसे? आयेशांनी उलट विचारले, सुलेमानांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही का? यावर ते इतके हसले की त्यांच्या दाढा दिसल्या. चमत्कारिक खेळणे पाहून अल्लाहचा रसूल हसतो. तेव्हा झोंबी पाहून मी आठ्या घालाव्यात, एवढा मी मोठा नाही. पिग्मीवर जुल्म होतो असेही माझे म्हणणे नाही. तो काचेवरच्या रंगाचा ठिपका आहे. त्याला दुखत नाही.

माझे लक्ष पिग्मीकडे नव्हते. ते बोटाकडे होते.

देवाचे खेळ संगणकावर पूर्वीपासून आहेत. १९८९ साली इंग्लंडमध्ये पीटर मॉलिन्यू आणि त्यांच्या बुलफ्रॉग कंपनीने ‘पॉप्युलस’ नावाचा खेळ केला, तिथून ही जात सुरू झाली असे मानतात. त्यातला देव जमीन वरखाली करतो, आपल्या लोकांसाठी सपाट जागा तयार करतो. कारण त्याची शक्ती भक्तांच्या संख्येवर ठरते. भक्त वाढले तर देव वाढतो. तो देव म्हणजे निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवारच. आपली माणसे जगवण्यात त्याचा स्वार्थ आहे. ‘पॉकेट गॉड’चा देव मात्र बेपर्वा आहे. पिग्मींनी त्याची भक्ती करावी, संख्येने वाढावे, घर बांधावे, यातले काहीच त्याला नको.

इथे मी जरा दचकलो. कारण बेपर्वा, बेनियाज, गनी, समद हे तर आपल्या अल्लाहचे गुण आहेत. त्याला कुणाची गरज नाही; आपल्या नमाजने त्याच्या राज्यात कणभर भर पडत नाही. लहानपणी मकतबमध्ये हेच शिकवले होते. मग खिशातल्या देवात आणि त्याच्यात फरक काय राहिला? फरक असा की, ज्याला घेण्यासारखे काही नाही त्याने दिले, तर ते निव्वळ देणे असते, त्यात सौदा नसतो. म्हणूनच कुरआनच्या ११४ पैकी ११३ सूरांच्या डोक्यावर रहमान आणि रहीम ही नावे आहेत. कह्हार हेही त्याचेच नाव आहे, हे मी विसरलेलो नाही. पण दारावरची पाटी रहमानची आहे. उलट माणसाच्या हातात पाच मिनिटांची बेपर्वाई दिली की तो पहिल्या मिनिटाला काय करतो? शार्क कुठे आहे ते शोधतो. मीसुद्धा शोधला. नातवाने दाखवण्याआधी.

मी नातवाला विचारले, ‘त्यांना असं फेकतोस, तुला काही वाटत नाही?’

‘माझ्या आयपॉडमधले आहेत ना. माझेच आहेत.’

हे उत्तर पोरकट वाटते खरे. पण हाच युक्तिवाद आपल्या इल्मे-कलामच्या थोर पंडितांनी हजार वर्षांपूर्वी केला आहे. बसऱ्याचे अबुल हसन अल्-अशअरी हे जुब्बाई नावाच्या मोतजिला पंडिताचे शिष्य. मोतजिला पंथाचे म्हणणे, अल्लाहला न्यायीच असावे लागते. तो बंद्याचे भलेच करणार. एक गोष्ट सांगितली जाते. अशअरींनी गुरूला विचारले, तीन भाऊ मेले. एक नेक, एक गुनहगार, एक अजाण मूल. त्यांचे काय होणार? नेक जन्नतमध्ये, गुनहगार दोजखमध्ये, मूल सुटले, पण मोठा दर्जा नाही. मग मूल म्हणेल, मला मोठे होऊ दिले असते तर मीही नेकी केली असती. जुब्बाई म्हणाले, अल्लाह सांगेल, तू मोठा होऊन बिघडणार होतास, म्हणून तुझ्या भल्यासाठी लवकर नेले. यावर अशअरी म्हणाले, मग दोजखमधला भाऊ ओरडून विचारेल, मलाही लहानपणीच का नेले नाहीस? जुब्बाई गप्प झाले आणि शिष्याने गुरू सोडला.

पुढे अशअरींच्या परंपरेत उत्तर ठरले ते असे: जुल्म म्हणजे दुसऱ्याच्या मालकीत हात घालणे. सगळी सृष्टी अल्लाहच्या मालकीची. त्याला दुसऱ्याचे काही भेटतच नाही, तेव्हा त्याच्याकडून जुल्म होण्याचा प्रश्नच येत नाही. इमाम गजालींनीही आपल्या अकीद्यात हेच मांडले आहे. तरुणपणी हे वाचले तेव्हा मला ते थंडगार वाटले होते. मालक आहे म्हणून काहीही करावे? आता वय झाल्यावर वाटते, तो युक्तिवाद माणसाची जीभ आवरण्यासाठी होता. मेलेल्या मुलाच्या आईला हिशेब समजावू पाहणाऱ्या शहाण्यांना गप्प बसवण्यासाठी होता. घोटाळा पुढे झाला. अल्लाहच्या बाजूने केलेला युक्तिवाद माणसाने हळूच स्वतःच्या खिशात टाकला. माझे शेत, माझे गुरू-ढोर, माझी बायको, माझी पोरे, माझा नोकर. मग जुल्म कसला?

आणि सही मुस्लिममधली हदीसे-कुदसी या सगळ्याच्या वर उभी आहे. तिच्यात अल्लाह बंद्यांना सांगतो की जुल्म त्याने स्वतःवर हराम करून घेतला आहे, आणि तुमच्यातही तो हराम केला आहे. ज्याची मालकी खरोखर पूर्ण आहे, त्याने आपणहून स्वतःचा हात बांधून घेतला. ज्यांची मालकी भाड्याची, चार दिवसांची, त्यांचे हात मोकळे. माझ्या मते खिशातला देव हा देव नाहीच. तो फक्त मालक आहे. खेळाचे नाव चुकले आहे.

झोंबीकडे परत येतो. मला शब्दांची मुळे शोधायची सवय आहे आणि ‘झोंबी पिग्मी’ या जोडशब्दाने ती चाळवली. हसण्यासाठी केलेले हे नाव. पण त्याचे दोन्ही तुकडे हातात घेतले तर हसू येत नाही.

पिग्मी म्हटले की आपल्याकडे पतसंस्थेचा एजंट आठवतो, दुकानादुकानांतून रोज दहा-वीस रुपये गोळा करणारा. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने छोट्या बचतीची योजना काढली आणि लहान म्हणून तिला हे नाव दिले. मूळ शब्द ग्रीकांचा. त्यांच्या दंतकथांतली, सारसांशी लढणारी हातभर उंचीची माणसे. पुढे युरोपियनांनी तो काँगोच्या जंगलातल्या बुटक्या जमातींना चिकटवला. त्या लोकांची म्बुती, बाका, त्वा अशी आपापली नावे होती, ती कुणी विचारली नाहीत. त्यांच्यापैकी ओटा बेंगा नावाच्या तरुणाला एका अमेरिकन माणसाने काँगोतून आणले आणि १९०४ साली सेंट लुईसच्या जत्रेत मांडले. १९०६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात त्याला माकडांच्या घरात, ओरांगउटानसोबत ठेवले. लोक झुंडीने बघायला आले. त्याचे दात तासून टोकदार केलेले होते, ते पाहून लोकांना मजा वाटायची. काळ्या पाद्र्यांनी आवाज उठवला तेव्हा त्याला तिथून हलवून अनाथाश्रमात पाठवले. पुढे तो व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला तंबाखूच्या कारखान्यात राबला. १९१६ च्या मार्चमध्ये त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेने माफी मागितली ती २०२० साली. मधली एकशे चौदा वर्षे तिला वेळ झाला नाही.

खेळाच्या कर्त्यांच्या मनात यातले काही नसणार, हे मी मान्य करतो. ती दोन हसरी माणसे होती. पॅसिफिक बेटांवरच्या लोकांनी २००९ मध्येच तक्रार केली, की ही आमची चेष्टा आहे, तेव्हा त्यांनी खेळात काही फेरफारही केले. शब्द असेच असतात. रक्त वाळून गेल्यावर ते रंगासारखे दिसू लागते.

दुसरा तुकडा झोंबी. सिनेमातले झोंबी पाहून आपल्याला वाटते, हे कुठले तरी अमेरिकन भूत. गंमत म्हणजे ज्या सिनेमाने आजचा झोंबी घडवला, त्या जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये झोंबी हा शब्दच नाही. तिथे त्यांना ‘घूल’ म्हटले आहे, आणि तो शब्द सरळ अरबीतून गेलेला. आपल्या दादी-नानीच्या गोष्टीतला वाळवंटातला गूल. पण झोंबी त्याचा भाऊ नव्हे. झोंबी हैतीचा.

हैती म्हणजे तेव्हाची सां-दोमांग, फ्रेंचांची साखरेची वसाहत. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथे पाच लाखांच्या आसपास आफ्रिकन गुलाम होते. त्यांत पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेले मुसलमानही होते. उसाच्या मळ्यांत माणसे इतक्या झपाट्याने मरत, की जन्मणाऱ्यांनी ती भरून निघत नसे. मालकाला त्याची फिकीर नव्हती. एक मेला की दुसरा जहाजातून उतरे. खेळातली खूण दाबल्यावर वरून पडणारा पिग्मी मला इथे पुन्हा दिसला. त्या गुलामांचा एक विश्वास होता: मेल्यावर आपला जीव समुद्र ओलांडून गिनीला, म्हणजे आफ्रिकेत, घरी परततो. मरण हीच त्यांची रजा. झोंबी म्हणजे ज्याची ही रजासुद्धा नामंजूर झाली तो. जादूगार मेलेल्याला उठवतो, त्याची इच्छा काढून घेतो आणि पुन्हा शेतावर राबायला लावतो. मेल्यावरही मालक. भुताने आपल्याला खावे ही ती भीती नव्हे. आपण मरूनही दुसऱ्याचेच राहू, ही ती भीती. गुलामीत जन्मलेल्या माणसालाच ती सुचू शकते. १७९१ मध्ये या माणसांनी बंड केले आणि १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र झाली. गोष्ट मात्र उरली. मग तिच्यावर सिनेमे निघाले, आणि शेवटी ती एका बेटावरच्या पाय ओढणाऱ्या ठिपक्यापर्यंत पोचली. ‘मेल्यावरपण त्याला सुट्टी नाही.’ नातवाला इतिहास माहीत नव्हता. पण तो बरोबर बोलला होता.

हैतीच्या या गोष्टीत एक तोड आहे. झोंबीला मीठ द्यायचे नाही, असा मालकाला कडक नियम. कारण मिठाची चव जिभेला लागली की त्याला आपण मेलो असल्याची आठवण येते, तो काम टाकून निघतो आणि स्वतःच्या कबरीत जाऊन झोपतो. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायचे असते. मीठ खाल्लेला नोकर धन्याशी इमान राखतो, नाहीतर नमकहराम ठरतो. तिकडे मीठ खाल्लेला गुलाम धन्यापासून जागा होतो. ज्यांनी म्हण केली ते धनी असावेत, आणि ज्यांनी गोष्ट केली ते गुलाम.

हे सगळे गोऱ्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. गुलामांचा व्यापार अरबांनी केला, हिंदी महासागरातून केला, आणि त्यातली जहाजे आपल्या किनाऱ्यालाही लागली. मलिक अंबर हबशाहून बाजारात विकला गेला, पुन्हा विकला गेला, आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहीत चंगेजखान या पेशव्याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतःही हबशीच. पुढे अंबर निजामशाहीचा कर्ता झाला, त्याने खडकी वसवली, मोगलांना जेरीस आणले. १६२६ साली तो वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. आपण अभिमानाने सांगतो की इस्लाममध्ये गुलाम वजीर होऊ शकतो. खरे आहे. गुलाम मुक्त करणे हा मोठा सवाब, हेही खरे. पण जे वजीर झाले नाहीत, ज्यांना कुणी मुक्त केले नाही, त्यांच्या कबरी कुठे आहेत, हे आपण फारसे विचारत नाही. बंदा हा शब्द आपण दोन मालकांसाठी वापरत आलो. एकासाठी तो नम्रतेचा आहे, दुसऱ्यासाठी तो पावतीवर लिहिलेला होता.

आता मला माझ्यावर यायला हवे. इतका वेळ काँगो, हैती करत राहिलो, त्याचे कारण मलाच ठाऊक आहे.

आमच्या लहानपणी पोराला उस्तादच्या स्वाधीन करताना बाप म्हणायचा, ‘हड्डी हमारी, चमडी तुम्हारी.’ हे वाक्य माझ्यासाठी माझ्या वडिलांनी म्हटले आणि मी पाठ सोलून घेतली. पुढे मी मास्तर झालो तेव्हा पालकांनी तेच वाक्य माझ्यासमोर म्हटले. नीट ऐकले तर हा मालमत्तेचा करार आहे. एक जीव, दोन मालक, कातडे वेगळे आणि हाडे वेगळी वाटून घेतलेली. तिसरा मालक, ज्याने ती कातडी शिवली, त्याला कराराला बोलावलेले नसते.

सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. सकाळी पाव टाकायला घरोघर जायचा आणि शाळेत उशिरा यायचा. तो पाव टाकतो हे मला माहीत होते. चार दिवस ओळीने उशिरा आला. पाचव्या दिवशी मी त्याला पुढे बोलावले. कारण उशीर नव्हता. कारण असे, की वर्ग माझ्याकडे बघत होता, आता सर काय करतात म्हणून. माझा वर्ग, माझी पोरे, माझा हात. मी त्याला लाकडी पट्टीने हातावर मारले, उजव्या, आणि तो हात मागे घेईना म्हणून अधिक मारले. त्याचे मधले बोट सुजले. दुसऱ्या दिवशी बाप आला. मला वाटले भांडायला आला. तो दारात चपला काढून आत आला आणि म्हणाला, ‘सर, पोराची चूक झाली. माफ करा. चमडी तुमचीच आहे.’ मी त्याला चहा पाजला. मला तेव्हा फार बरे वाटले, हे लिहायला हवे.

त्यानंतर तो मुलगा रोज वेळेवर येऊ लागला, बाकावर बसू लागला, विचारले तर उत्तर देऊ लागला. जणू काही झालेच नाही. मारला, आणि दुसऱ्या दिवशी तसाच टकामका बघणारा नवा समोर उभा. मास्तरकीत आम्ही असे किती तरी नवे दाबून काढले. २०१० च्या एप्रिलपासून शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेतली मारहाण बंद झाली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सर्वांत जास्त कुरकुर केलेल्यांपैकी मी एक होतो. आता पोरांना धाक राहणार नाही, असे आम्ही म्हणत होतो. आमच्या हातातून काय गेले होते, ते आम्हाला नीट सांगता येत नव्हते.

२०१९ साली एका निकाहला मिरजेला गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत एक दाढीवाला माणूस लगबगीने आला, सलाम केला, माझा हात दोन्ही हातांत घेतला. तोच. आता त्याचा स्वतःचा ट्रक आहे. घरच्यांची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, एक शब्द वावगा नाही. मग शेजारच्या मुलाला पुढे करून म्हणाला, ‘हे आमचे सर.’ मुलगा नऊ-दहा वर्षांचा. त्याने आधी माझ्या उजव्या हाताकडे पाहिले. मग वर बघून सलाम केला.

घरी त्याला काय सांगितले होते, ते मी विचारू शकलो नाही. कदाचित विनोद म्हणून सांगितले असेल. लोक मार विनोद म्हणूनच सांगतात. पण ती एक नजर मला पुरली. बाकीचे पिग्मी दर वेळी कोरे होऊन येतात. म्हणूनच तर बोटाला काही वाटत नाही. झोंबी हा त्या बेटावरचा एकटाच असा, की जो आपल्याला काय झाले ते अंगावर वागवीत फिरतो. आणि तो सुटत नाही, तसा मालकही मग सुटत नाही.

मुलगी परत जाण्याच्या आदल्या दिवशी मी नातवाला ही मिठाची गोष्ट सांगितली. पट्टीची नाही, ती सांगायला अजून जीभ वळत नाही. त्याने मन लावून ऐकले आणि विचारले, ‘मग मीठ चाखलं की तो घरी जातो?’

‘असं तिथले लोक म्हणत.’

त्याने आयपॉड उघडला आणि बेटावर इकडेतिकडे शोधू लागला. नारळाचे झाड, ज्वालामुखी, मासे. मीठ कुठेच नव्हते. मी म्हटले, ‘राहू दे, खेळात नाही ठेवलं त्यांनी.’ तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘नाना, समुद्राचं पाणी खारट असतं ना?’

मी हो म्हणालो. त्याने झोंबीला चिमटीत उचलले. या वेळी भिरकावले नाही. सावकाश खाली नेले आणि पाण्यात सोडले.